पहिलं सोनं घेताना

पहिल्यांदा सोनं घ्यायला निघालेला माणूस घरातून भाव पाहून निघतो. भाव पेपरात असतो, फोनवर असतो, दुकानाच्या फळ्यावर असतो. तिथे फसायला फारशी जागाच नाही. गोंधळ पुढे होतो, काउंटरपाशी. घट, मजुरी, नऊशे सोळा, हॉलमार्क, मोड असे शब्द पाच मिनिटांत कानावर पडतात आणि नवखं गिऱ्हाईक समजल्यासारखी मान डोलावतं.

हे शब्द पाठ करायची गरज नाही. सोनं मऊ असतं, एवढं पक्कं धरून ठेवा. मऊ म्हणून त्यात दुसरा धातू मिसळावा लागतो. मिसळतात म्हणून तपासावं लागतं, आणि तपासतात म्हणून ठसा लागतो. दुकानातले निम्मेअधिक शब्द या एका गुणातून आलेले आहेत.

पायरी १ : आधी धातू ओळखा

शुद्ध सोनं इतकं मऊ की एका ग्रॅमचा ठोकून ठोकून सुमारे एक चौरस मीटर पत्रा निघू शकतो. मिठाईवरचा सोन्याचा वर्ख होतो तो याच गुणामुळे. दुसरा गुण जडपणाचा. एक लिटरच्या बाटलीत पाणी एक किलो मावतं. त्याच बाटलीत सोनं ओतलं तर ते १९ किलो ३०० ग्रॅम भरेल. म्हणून १० ग्रॅम सोनं हातात घेतलं की लोक हिरमुसतात, एवढंच? जेमतेम एका मोठ्या काबुली चण्याएवढं. दागिना भरघोस दिसतोय आणि वजन कमी भरतंय, तर आत पोकळी आहे किंवा दुसरं काहीतरी भरलेलं आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही, पण आत काय आहे ते विचारून घ्यावं.

तिसरा गुण म्हणजे ते कशालाच दाद देत नाही. हवा, पाणी, घाम, चिंचेचं पाणी यांनी शुद्ध सोन्याचं काही होत नाही. नुसतं नायट्रिक आम्लही त्याला विरघळवू शकत नाही. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण मात्र त्याला खातं, म्हणून तर त्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. पारा सोन्याला चिकटून ते पांढरं करतो. हे दोन शत्रू लक्षात ठेवा, पुढे पायरी ७ मध्ये ते पुन्हा भेटतील.

न गंजण्याच्या याच गुणामुळे सोनं दागिन्यांपलीकडेही पोचलं आहे. मोबाइलच्या सिमकार्डवरचे पिवळे चौकोन सोन्याच्या मुलाम्याचे असतात. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या १८ षटकोनी आरशांवर सोन्याचा पातळ थर आहे, कारण अवरक्त किरण सोन्यावरून फार चांगले परावर्तित होतात. आणि कोविडच्या दिवसांत घरच्या घरी चाचणी करताना पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटायची, ती बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असायची. सोनं एवढं बारीक केलं की पिवळं राहत नाही, लालसर दिसतं. त्या रेघेकडे बघताना सोन्याचा विचार अर्थातच कुणाच्या मनात आला नसेल.

पायरी २ : कॅरेट ठरवा, मग दुकानात जा

शुद्ध सोन्याची अंगठी केली तर ती महिन्याभरात वाकडी होईल आणि मंगळसूत्राची कडी गर्दीतल्या एका हिसक्याने उघडेल. म्हणून सोनार त्यात तांबं आणि चांदी घालतो. किती घातलं याचं माप म्हणजे कॅरेट. एकूण २४ भाग धरायचे, त्यातले २२ सोन्याचे असतील तर २२ कॅरेट. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६, म्हणून ठशावर ९१६. त्याच हिशेबाने १८ कॅरेटला ७५०. १४ कॅरेटला हिशेब ५८३ येतो, पण ठसा ५८५ चा असतो. ‘आमच्याकडे नऊशे सोळाचं सोनं मिळतं’ असं कुणी भारावून सांगितलं तर ते साधं २२ कॅरेटच असतं, काही खास वाण नव्हे.

पाटल्या, बांगड्या, ठुशी, मोहनमाळ, तोडे यांना २२ कॅरेट ठीक. हिऱ्याची अंगठी घ्यायची असेल तर १८ कॅरेटच घ्या, कारण खडा धरून ठेवणारी नखं कडक हवीत. २२ कॅरेटची नखं झिजून खडा निसटतो. रोज कार्यालयात घालायच्या नाजूक साखळ्या हल्ली १४ कॅरेटमध्येही मिळतात. त्या टिकतात, पण त्यात तांबं-चांदी जास्त असल्यामुळे काळपट पडू शकतात. गुलाबी सोनं हा तांब्याचा रंग. पांढरं सोनं म्हणजे चांदीत किंवा प्लॅटिनमात काही भेसळ नव्हे. ते सोनंच, त्यात पॅलेडियमसारखा पांढरा धातू मिसळून वरून ऱ्होडियमचा मुलामा दिलेला असतो. तो मुलामा काही वर्षांनी उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो, हे घेतानाच माहीत असावं.

१४ कॅरेटचा विषय निघाला की जुन्या सराफांचे चेहरे अजून कडवट होतात. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. गिऱ्हाइकाने १४ कॅरेटकडे पाठ फिरवली आणि देशभरातल्या हजारो सोनारांच्या हातचं काम गेलं. पुढे १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्द झाला. तेच १४ कॅरेट आज ‘लाइटवेट कलेक्शन’ म्हणून दिमाखात मांडलेलं असतं.

पायरी ३ : वजनाची भाषा

घरातली वडीलधारी माणसं तोळ्यात बोलतात, बिल ग्रॅममध्ये येतं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे आणि एका माशाच्या ८ गुंजा. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. आजी ‘पाच तोळ्यांचे गोठ’ म्हणते तेव्हा ते सुमारे ५८ ग्रॅम असू शकतात, आणि दुकानदार पाच तोळे म्हणतो तेव्हा ५०. वाटण्यांच्या वेळी या आठ ग्रॅमवरून भावंडांत वाजलेलं मी पाहिलं आहे. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते.

दुसरं, एकूण वजन आणि निव्वळ वजन. मंगळसूत्रात काळे मणी असतात, तन्मणीत मोती, नथीत मोती आणि खडे. काट्यावर सगळं मिळून भरतं ते एकूण वजन. पैसे सोन्याच्या भावाने मोजायचे ते फक्त निव्वळ वजनाचे. बिलावर दोन्ही आकडे वेगळे लिहून मागा, दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांपर्यंत. वजन करताना काट्याची काचेची पेटी बंद आहे ना, काटा शून्यावर आहे ना, एवढं बघायला लाजू नका. चांगला सराफ स्वतःच काटा तुमच्याकडे वळवतो.

पायरी ४ : ठसे वाचा

दागिन्यांवर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत ठसा, सक्तीचा झाला तो १६ जून २०२१ पासून, सुरुवातीला देशातल्या २५६ जिल्ह्यांत. आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. आता ठशात तीनच गोष्टी शोधायच्या : बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२ के ९१६) आणि एचयूआयडी. अक्षरं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवणं बंधनकारक आहे, ते मागून घ्या.

बहुतेक जण ठसा बघून समाधान मानतात. तिथे थांबू नका. फोनवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अॅप घ्या, त्यात तो सहा अक्षर-अंकांचा क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, कोणत्या केंद्रात तपासणी झाली आणि कधी, हे सगळं समोर येतं. हातात अंगठी आहे आणि अॅप म्हणतंय ‘चेन’, तर दागिना खाली ठेवा आणि बाहेर पडा. पैसे देण्याआधीच हे करायचं. एक मिनिट लागतं.

काही गोष्टींना सक्ती नाही : दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने, कुंदन, पोलकी, जडावाचं काम. तिथे दुकानदाराच्या शब्दावर आणि बिलावर भिस्त. आणि घरातल्या जुन्या, ठसा नसलेल्या दागिन्यांची काळजी करू नका. ते बेकायदा झालेले नाहीत. तुम्ही ते विकू शकता, मोडू शकता. सक्ती विकणाऱ्या दुकानदारावर आहे, तुमच्यावर नाही.

शंका असेल तर बीआयएसमान्य तपासणी केंद्रात सामान्य माणूसही दागिना नेऊ शकतो, आणि शुल्क फार नसतं. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली, तर जेवढी तूट त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क तुम्हाला आहे.

एक जुना शब्द अजून ऐकू येतो, ‘केडीएम’. दागिन्याचे तुकडे जोडायला झाळ लागते आणि ती दागिन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळावी लागते. पूर्वी झाळेत तांबं-चांदी जास्त असायची, त्यामुळे दागिना आटवला की शुद्धता खाली यायची. त्यावर उपाय म्हणून झाळेत कॅडमियम आलं. सोन्याची टक्केवारी सांभाळली गेली, पण कॅडमियमचा धूर झाळणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात गेला. बीआयएसला ते चालत नाही. तेव्हा ‘केडीएमचा माल आहे’ हे ऐकून खूश व्हायचं कारण नाही.

पायरी ५ : बिल उलगडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. मग २२ कॅरेटचा भाव ९,१६०. तुम्ही २० ग्रॅमच्या दोन बांगड्या घेतल्या आणि घडणावळ, म्हणजे मजुरी, १२ टक्के ठरली.

सोन्याचे झाले १,८३,२०० रुपये. घडणावळ २१,९८४. बेरीज २,०५,१८४. त्यावर जीएसटी ३ टक्के, बिलावर तो दीड-दीड टक्का असा दोन ओळींत दिसेल : ६,१५५ रुपये ५२ पैसे. हॉलमार्कचं शुल्क नगाला ४५ रुपये, दोन नगांचे ९०, वर कर धरून १०६ रुपये २० पैसे. एकूण २,११,४४५ रुपये ७२ पैसे.

आता समजा दुसऱ्याच दिवशी, भाव तोच असताना, या बांगड्या मोडायला नेल्या आणि दुकानदाराने फक्त २ टक्के कापले. हातात येतील १,७९,५३६. एका रात्रीत सुमारे ३१,९०० रुपये गेले. यात कुणी फसवलेलं नाही. धातूचे पैसे परत आले, कारागिराचे आणि सरकारचे आले नाहीत, इतकंच. दागिना विकत घेताना आपण दोन गोष्टी घेतो, सोनं आणि हात. सोन्याला उद्याही भाव असतो. हाताची किंमत तुम्हीच घालून वसूल करायची. म्हणून जो दागिना वर्षातून दोनदा तिजोरीबाहेर येणार त्याच्यावर २० टक्के घडणावळ घालवू नये, असं माझं मत आहे. आणि रोज अंगावर राहणाऱ्या सुबक ठुशीवर घातली तर खुशाल घालावी.

घासाघीस करायची ती घडणावळीवर. भावावर करून हाती काही लागत नाही. दुकानदार घडणावळ टक्क्यात सांगत असेल तर ग्रॅममागे किती रुपये पडतात ते विचारा. टक्क्यातली मजुरी भाव चढला की आपोआप चढते, कारागिराच्या हातात मात्र त्यातलं काही जास्त पडतंच असं नाही.

‘घट’ हा वेगळा प्रकार. दागिना घडवताना कानसताना, घासताना, पॉलिश करताना सोन्याचा कीस उडतो. पूर्वी सगळं हाताने व्हायचं तेव्हा घट खरी होती. पण तो कीस तरी वाया कुठे जायचा? सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ आणि गटारातला गाळ नेऊन धुणारे झारेकरी त्या कणांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आले. आज यंत्रावर घडलेल्या साखळीला दुकानदार घटही लावतो आणि वर मजुरीही, तेव्हा दोन्ही मिळून किती टक्के होतात ते एका आकड्यात विचारा. तोच आकडा दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा विचारा.

वरच्या उदाहरणात बिल दोन लाखांपुढे गेलं. तिथे पॅन द्यावाच लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं दुकानदाराला कायद्याने मना आहे. ‘बिल नको, कर वाचेल’ असं कुणी सुचवलं तर आपणच नको म्हणावं. बिल नाही म्हणजे शुद्धतेचा दावा कागदावर नाही, आणि पुढे विकताना खरेदीची किंमत दाखवायला काही नाही.

पायरी ६ : दागिना की वेढणी?

साठवण म्हणून घेताय, की घालायला? दोन्ही उद्देश एकाच दागिन्यात बसवायला गेलं की दोन्हीकडे खोट येते. साठवणीला वेढणी (शुद्ध सोन्याचं साधं वळं) किंवा २४ कॅरेटचं नाणं बरं, घडणावळ नाममात्र. दसरा-पाडव्याला एकेक ग्रॅमची वेढणी घेत राहणाऱ्या कितीतरी बायकांनी मुलीच्या लग्नापर्यंत पाटल्यांचं सोनं जमवलं आहे, कुठल्याही सल्लागाराशिवाय. नाणं बँकेतून घेणार असाल तर एवढं जाणून घ्या : बँका नाणी विकतात, परत विकत घेत नाहीत. ती मोडायला सराफाकडेच जावं लागतं.

कागदी सोनं हवं असेल तर गोल्ड ईटीएफ आहे, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअर बाजारात मिळणारा फंड. सरकारचे सुवर्णरोखे नोव्हेंबर २०१५ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघाले नाहीत. जुने शेअर बाजारात दुसऱ्याकडून घेता येतात. मुहूर्ताचं म्हणाल तर साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा गाठावासा वाटणं समजू शकतं. पण त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसते, भिंग आणि अॅप काढायला सवड नसते. आठ दिवस आधी जाऊन पसंत करा, घडणावळ ठरवा, मुहूर्ताला फक्त उचला.

पायरी ७ : सांभाळणं

कोमट पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश. बस्स. टूथपेस्टने घासू नका, त्यात खरखरीत कण असतात आणि सोनं मऊ आहे, हे आपण पहिल्याच पायरीत पाहिलं. हिऱ्याची अंगठी आणि बांगड्या एका डबीत ठेवल्या तर हिरा बांगड्यांवर ओरखडे काढतो. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर आधी अंगठी काढून ठेवा, मग आवरायला बसा.

दुपारी दारावर ‘दागिने चकचकीत करून देतो’ म्हणणारे येतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. त्यांच्या वाटीतल्या पाण्यात अम्लराज असतं. बांगडी खरोखर चकचकीत होऊन परत मिळते, फक्त काही ग्रॅम हलकी, आणि ते ग्रॅम त्यांच्या वाटीत विरघळून त्यांच्याबरोबर जातात. डोळ्यांदेखत चोरी होते आणि आपण वर पन्नास रुपये देतो.

पायरी ८ : मोड घालताना

मोडायला जाताना दागिना घरून वजन करून न्या. सराफ आधी यंत्रावर ठेवेल, त्याला कॅरेटोमीटर म्हणतात. ते क्ष-किरणांनी सोन्याची टक्केवारी सांगतं, पण फक्त पृष्ठभागाची. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून जुना दागिना बहुधा आटवून बघतात. आटवणं तुमच्यासमोर व्हायला हवं. आटवण्याआधी मणी, खडे, दोरा काढून वजन, आटल्यावर थंड झालेल्या गोळीचं वजन, आणि मग गोळीची शुद्धता. तिन्ही आकडे आपल्या हाताने लिहून घ्या. ज्या दुकानातून घेतलं तिथेच मोड घातली तर कपात सहसा कमी, रोख मागितली तर जास्त. दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेलं सोनं विकून नफा झाला तर त्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि वारशाने आलेल्या सोन्याला आधीच्या मालकाकडचा काळही धरला जातो. इथे ते जुनं बिल पुन्हा कामाला येतं.

जुन्या दागिन्यांत लाख भरलेली असते, हे नवख्यांना माहीत नसतं. बोरमाळेचे मणी किंवा कोल्हापुरी साजातले तुकडे पातळ पत्र्याचे. ते चेपू नयेत म्हणून आत लाख. आमच्या आजीची बोरमाळ मोडायला नेली तेव्हा काट्यावर ती ३५ ग्रॅम भरली. सराफाने समोरच मणी तापवले, दुकानभर लाखेचा वास सुटला आणि उरलं २१ ग्रॅम. आम्ही सगळे त्याच्याकडे संशयाने बघू लागलो. आजी तेवढी शांत होती. तिच्या सासऱ्यांनी माळ गळ्यात घालताना तीन तोळे म्हणून सांगितलं होतं, आणि तीन तोळे बरोबर ३५ ग्रॅमच होतात. ‘म्हणजे मामंजींनी वजन खरंच सांगितलं होतं,’ ती म्हणाली, ‘लाखेसकट.’